चाकाला आउट नव्हता

बातमी आली तेव्हा मी गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभा होतो. गिरणी सुरू, पट्ट्याचा खडखडाट, आणि फोनवर सायकलवाला गजू मिस्त्री ओरडून सांगत होता, "मास्तर, ड्रायव्हरसाहेब गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच सांगतो, मला तसंच वाटलं. दिनकरभाऊंच्या बाबतीत ‘गेले’ हा शब्द आमच्या गल्लीनं तीस वर्षं त्याच अर्थानं वापरला होता. सकाळच्या खामगावला गेले, बुलडाण्याला मुक्कामी गेले, कोणाच्या तरी बदली ड्यूटीवर गेले. गजूला माझा गोंधळ कळला. मग म्हणाला, "मास्तर... जरा बाहेर या बरं गिरणीच्या." मी बाहेर आलो आणि त्यानं तेच वाक्य पुन्हा एकदा, हळू आवाजात म्हटलं. डबा मी तिथंच विसरलो. संध्याकाळी गिरणीवाल्यानं तो घरी पाठवून दिला.

त्याला आता सहा आठवडे झाले. ज्यांनी दिनकरभाऊंना पाहिलं ते विसरणार नाहीत, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. एसटीच्या लाल गाडीवरचे निवृत्त ड्रायव्हर, साठीच्या घरातले, पांढरा पायजमा घोट्याशी रबरानं बांधलेला, आणि बुडाखाली एकच चाक. हँडल नाही, ब्रेक नाही, चेन नाही. जळगाव जामोदच्या रस्त्यांवर हे दृश्य रोज सकाळी दिसायचं. त्यामुळे ते गेल्याचं कळल्यावर परगावचा प्रत्येक माणूस मला पहिला प्रश्न हाच विचारतो, "पडले का?" मी नाही म्हणतो. पडून नाही गेले. पण त्यांच्या पडण्याचा आणि जाण्याचा संबंध होता, आणि तो ओळखायची सगळ्यात चांगली संधी ज्याला होती तो माणूस मी. ही गोष्ट त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, सांगितल्याशिवाय हा लेख छापायला देणं मला जमलं नसतं. ते सांगणं कसं झालं, ते शेवटी येईलच.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, फोटो झाले, आणि पुण्याला असलेल्या मुलीनं, माधुरीनं, फोनवर विचारलं की बाबा, तुम्हाला काय पाठवू? दुसऱ्या कोणी घड्याळ मागितलं असतं. यांनी एका चाकाची सायकल मागितली. लहानपणी खामगावला सर्कस आली होती आणि तिच्यातला विदूषक असल्या चाकावरून फिरला होता, हे त्यांनी मला पंचवीस वर्षांच्या शेजारात एकदाही सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मास्तर, पन्नास माणसं मांगं बसवून गाडी चालवली. ब्रेक मारला तं शिव्या, नाई मारला तं शिव्या. आता मले अशी गाडी पाह्यजे का जिच्यात मांगं कोणी बसतच नाई." पंधरा दिवसांनी कुरियरनं खोकं आलं. आम्ही ते ओसरीत फोडलं. चाक निघालं, सीट निघाली, पायडल निघाले. वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या खोक्यात हात घालून चाचपून पाहिलं आणि विचारलं, "अन् दुसरं चाक?"

दुसरं चाक नसतंच, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. "संसाराले दोन चाकं लागतात भाऊजी," त्या म्हणाल्या. "घरात एकच चाक आणू नये. लक्षण चांगलं नाई हे." मी विज्ञानाचा मास्तर. बत्तीस वर्षं पोरांना ग्रहण बघायला मैदानात नेलं, मांजर आडवं गेल्यावर मुद्दाम त्याच रस्त्यानं गेलो. मी कसला गप्प बसतो! म्हटलं, "वहिनी, कुंभाराकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच चाक असतं. त्याचा संसार मोडला का?" दिनकरभाऊ खो खो हसले. वहिनींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सीटखालच्या दांड्याला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधलेला होता. मी तो काढायला निघालो तर दिनकरभाऊंनी माझा हात धरला. "राहू द्या मास्तर. तिले झोप तं लागन."

गावाबाहेर एक बंद पडलेलं जिनिंग आहे. तिथं कापूस वाळवायचा लांबच लांब सिमेंटचा ओटा आहे आणि त्याच्या एका अंगाला भिंत. सकाळी सहाला आम्ही तिथं जायचो. त्यांना चाकावर चढायला आणि सुरुवातीची पावलं मारायला आधार लागे, तो आधार म्हणजे मी. मी त्यांच्या डाव्या बाजूला चालायचो आणि ते डावा हात माझ्या खांद्यावर ठेवायचे. मी स्वतः जन्मात त्या चाकावर बसलो नाही, पण सूचना सगळ्या माझ्या. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. गुरुत्वमध्य कुठं आला पाहिजे, कंबर कशी हवी, हे मी खडूनं ओट्यावर आकृती काढून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे, पडायचे, आणि उठून म्हणायचे, "तुमची आकृती पास झाली मास्तर, मीच नापास झालो." शेवटी जे जमलं ते त्यांच्या ड्रायव्हरकीनं जमलं. चाकाकडे पाहिलं की माणूस पडतोच, हे त्यांचं त्यांनाच कळलं. घाटात गाडी चालवताना बोनेटसमोरचा रस्ता बघायचा नसतो, पुढचं वळण बघायचं असतं, तसंच हे. दिवाळीनंतर शिकायला लागले आणि होळीच्या सुमारास एका सकाळी त्यांचा हात माझ्या खांद्यावरून उचलला गेला. ओट्याच्या टोकापर्यंत ते एकटे गेले. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवत होतो, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. ते सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन-दोन किलोमीटर जाऊन यायचे, मी मागून माझ्या दोन चाकांवर. माझी नोकरी संपून तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात माझ्या बोलण्याला कोणी विद्यार्थी उरला नव्हता. सकाळी सहाला कोणीतरी माझी वाट बघतं, माझ्या खांद्याशिवाय त्याचं काम अडतं, याचं मला किती अप्रूप होतं हे तेव्हा कळलं नाही. गावानं मात्र नावं ठेवायला सुरुवात केली होती. ‘एकचाक्या’ हे नाव पडलं ते ठीक, नावाला कोण भितो. पण सकाळी शेताला निघालेली माणसं त्यांना समोरून येताना पाहिलं की अपशकुन म्हणून थांबायला लागली. एकदा पानटपरीवर एक म्हातारबुवा माझ्यासमोर म्हणाले, "एका चाकाची गाडी कोणाच्या घरी उभी राहते का? टेकवल्याशिवाय उभीच राहत नाई ते. तसंच होते मंग माणसाचं." मी त्यांच्याशी अर्धा तास भांडलो. तो म्हातारा वाईट बोलला म्हणून नव्हे, अडाणी बोलला म्हणून. वाईट बोलणाऱ्याकडे मी एखाद वेळी दुर्लक्ष केलं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात दिनकरभाऊ एक दिवस उतरून म्हणाले, "मास्तर, गाडी डावीकडं ओढून राह्यली." ड्रायव्हरच्या तोंडी हे वाक्य रोजचं. गाडी एका अंगाला ओढायला लागली की डेपोत मेकॅनिकला सांगायचं, तो टायर बघतो, अलाइनमेंट बघतो, दोष काढून देतो. त्यांनी तेच केलं. चाक खांद्यावर टाकून गजू मिस्त्रीच्या सायकल दुकानात नेलं. रिम वाकडी झाली, फिरताना चाक डुलायला लागलं, की त्याला सायकलवाले ‘आउट आला’ म्हणतात आणि तारा कसून तो आउट काढतात. गजूनं चाक स्टँडला लावलं, बोटाचं नख रिमजवळ धरून फिरवलं, आणि सांगितलं, "भाऊ, चाकाले आउट नाई." यांनी टायर बदलून घेतला. आठवड्यानं पुन्हा नेलं. गजूनं पुन्हा फिरवून दाखवलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा मी सोबत होतो. गजू हात पुसत म्हणाला, "साहेब, दोरी लावून पाहा नाईतं. चाक सरळ हाये. इकडं केसभरबी आउट निघाला तं दुकान बंद करतो." दिनकरभाऊ त्या फिरणाऱ्या चाकाकडे बराच वेळ पाहत राहिले. ते थांबेपर्यंत पाहत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मास्तर, गाडीत दोष नाई, तं मंग कोनात असन?"

मी म्हणालो, "रस्त्यात." ते हसले, पण जरा उशिरा हसले. मग मी त्यांना समजावून सांगितलं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डाव्या कडेनं चालतो, म्हणजे उतार डावीकडे, म्हणजे चाक डावीकडेच जाणार. आहे की नाही बिनतोड? जिनिंगच्या ओट्यालाही भिंतीकडून खाली उतार असणार, असं मीच ठरवलं. आता यातली मेख अशी की ओट्यावरून जाताना भिंत एका हाताला असते आणि परत येताना दुसऱ्या हाताला. उतार बदलतो. पण दिनकरभाऊ जातानाही डावीकडे झुकायचे आणि येतानाही डावीकडेच. सातवीच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की गुरुजी, मग दोष उताराचा नाही. मी ते पाहिलं. दोन-तीनदा स्पष्ट पाहिलं. आणि ‘त्यांची सवय असेल’ असं म्हणून सोडून दिलं. प्रयोगाचं निरीक्षण सोयीचं नसलं की ते वहीत लिहायचं नाही, हे मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी चालू दिलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. दुपारी सुमनवहिनी आमच्या दारात आल्या. हातात एक चप्पल, दिनकरभाऊंची, डाव्या पायातली. बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? माणसाच्या पायातली चप्पल गळून पडली तं त्याले समजत नाई का?" मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दिनकरभाऊ बाजारातून घरी आले ते एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी. दारात ती एकच चप्पल काढली, भाजीची पिशवी ठेवली, हात धुतले, जेवायला बसले. वहिनींनी विचारलं तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं आणि तेही चकित झाले. चप्पल मारुतीच्या पाराशी सापडली, म्हणजे एवढं अंतर ते तसेच चालत आले होते. "दुसऱ्यांदा झालं हे," वहिनी म्हणाल्या. "आंग झडून राह्यलं त्यायचं. मी सांगते, नजर लागली त्यायले. सारं गाव डोळे लावून पाहते ना. मी मीठ-मिरच्या उतरवल्या तं मिरचीचा ठसकासुदिक आला नाई."

त्या बाईनं त्या दिवशी मला सगळं सांगितलं होतं. कोणता पाय, किती वेळा, किती अंतर, जाणीव कशी नव्हती. माझ्या शाळेतल्या कुठल्याही हुशार मुलीनं याहून नेमकं निरीक्षण केलं नसतं. फक्त शेवटी त्यांनी त्याला ‘नजर’ असं नाव दिलं, आणि मी त्या नावालाच अडून बसलो. बाकीचं काही माझ्या कानात शिरलंच नाही. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "वहिनी, चप्पल पाहा आधी. अंगठा सैल झालाय. नजर चपलेला लागली का आता?" त्यांनी चपलेचा अंगठा दाबून पाहिला. तो थोडा सैल होता खरा. मग त्याही हसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि "बरं झालं विचारलं बाप्पा" असं म्हणून घरी गेल्या. मी आत येऊन माझ्या बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. तिला हसू आलं नाही. तेव्हा वाटलं, बायकांना विनोद कळत नाही.

आता खांद्याचं सांगतो. शिकण्याच्या दिवसांत दिनकरभाऊंची पकड अशी होती की घरी आल्यावर सदरा काढला तर खांद्यावर चार बोटं उमटलेली दिसायची. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला हात तो. पुढे चालवायला आधार लागेना, पण चढताना हात खांद्यावर यायचाच. पौषात कधीतरी माझ्या लक्षात आलं की हात येतो, पण पकड येत नाही. बोटं वळत नाहीत. ओला टॉवेल खांद्यावर टाकावा तसा तो हात नुसता पडून राहायचा आणि त्यांचं अर्धं वजन माझ्या अंगावर यायचं. पहिल्यांदा वाटलं थंडीमुळे. नंतर थंडी गेली, हात तसाच. मी एकदा चालता चालता त्यांच्या बोटांवर माझा हात ठेवला आणि हळूच दाबला. त्यांनी परत दाबलं नाही. त्यांना ते समजलंच नव्हतं... मी काही बोललो नाही.

का बोललो नाही, याचा विचार मी या सहा आठवड्यांत पुष्कळ केला. एक कारण अभिमानाचं. गावभर भांडून आल्यावर, वहिनींना हसल्यावर, आता आपणच जाऊन सांगायचं की काहीतरी बिघडलंय! म्हणजे पानटपरीवरचा तो म्हातारा जिंकला. बिब्बा जिंकला. दुसरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. मी बोललो असतो तर वहिनींनी दुसऱ्या दिवशी चाक माळ्यावर टाकलं असतं, आणि सकाळी सहाला मला उठायचं काही कारण उरलं नसतं. एवढंच. मित्राचा हात मेलेला आहे हे माझ्या खांद्याला कळलं होतं आणि मी माझ्या सकाळी वाचवत होतो.

मग ते पडायला लागले. आणि इथंच आम्ही सगळे फसलो. दुसरा कोणी साठीचा माणूस आठवड्यातून तीनदा पडला असता तर त्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं. पण एकचाक्या पडला यात नवल ते काय! ढोपर फुटलं, कपाळाला टेंगूळ आलं, ओठ चिरला, लोक हसून विचारायचे, "काय ड्रायव्हरसाहेब, आज कुठं ब्रेक फेल?" चांगला चालवणारा माणूस पडतो तेव्हा पायांवर उतरतो. चाक पुढं किंवा मागं निसटतं आणि तो उभा राहतो. दिनकरभाऊ आता आडवे पडत होते. डाव्या अंगावर, भिंत कोसळावी तसे, हातसुद्धा पुढे न करता. शेवटच्या वेळी ओट्यावर पडले तेव्हा लगेच उठले नाहीत. पडल्या पडल्या आकाशाकडे बघत म्हणाले, "मास्तर, मी पडलो हे मले पडल्यावर समजून राह्यलं." मी त्यांना बगलेत हात घालून उठवलं. त्यांच्या पायजम्याची माती झटकली. मी म्हणालो, "उद्या सुट्टी घ्या." मला तेवढंच सुचलं.

उद्याची सुट्टी कायमची झाली. सकाळी घरात चहा पिताना कप त्यांच्या डाव्या हातातून गळला, आणि तोंडाची एक बाजू उतरली. गाडी करून अकोल्याला नेलं. तिथं मेंदूचा फोटो काढला. तरुण डॉक्टर होते, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, "तोल जाणं, पडणं, हे कधीपासून?" वहिनी म्हणाल्या, "पडाचेच हो ते. एकचाकी चालवतात ना." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तीन-चार महिने. कोणत्या बाजूला? डाव्या. मग त्यांनी तो फोटो उजेडावर धरला आणि मेंदूच्या उजव्या बाजूची गाठ दाखवली. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, हे वाक्य मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे. परीक्षेत त्याला दोन गुण असायचे. दिव्याखाली अंधार कशाला म्हणतात ते त्या खोलीत मला समजलं. वहिनी बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "कदाचित." हो म्हणाले असते तर मी रडलो असतो, नाही म्हणाले असते तर सुटलो असतो. हा मधला शब्द घेऊन मी घरी आलो, आणि तो अजून माझ्याजवळ आहे.

नागपूरलाही दाखवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. शेवटचे आठ-नऊ आठवडे ते घरीच होते. मी रोज जायचो, पण सकाळी सहाला नाही, ती वेळ मला सोसत नव्हती. दहा-अकराला जायचो. बोलणं हळूहळू कमी झालं. एक दिवस मात्र त्यांनी उजव्या हातानं खूण करून मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द शोधत म्हणाले, "मास्तर... तुमचा खांदा... लय कामी आला मले." मी म्हणालो, "कसला डोंबलाचा खांदा." आणि उठून घरी आलो. सांगायची तीच वेळ होती. त्यांनी रागावून दोन शिव्या दिल्या असत्या, ड्रायव्हरच्या ठेवणीतल्या, आणि मी मोकळा झालो असतो. पण ज्यानं आभार मानले त्याला काय सांगणार? मी भ्यालो. ते आमचं शेवटचं बोलणं.

गेल्या रविवारी मी सुमनवहिनींकडे गेलो. त्यांच्या बैठकीत खिडकीजवळ लाल गाडीची एक जुनी ड्रायव्हर सीट आहे. गाडी मोडीत निघाली तेव्हा दिनकरभाऊंनी ती मागून आणली होती आणि लोखंडी चौकटीवर बसवून घेतली होती. वर्तमानपत्र ते तिथं बसूनच वाचायचे. वहिनींनी तिच्यावर धुतलेली चादर अंथरली होती. "बसा ना भाऊजी तिथं," त्या म्हणाल्या. "कोणी बसतच नाई. जागा रिकामी पाहवत नाई मले." मी बसलो. सीट माझ्यासाठी उंच होती, माझे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. समोर भिंतीवर त्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, शाल पांघरलेला. मी त्याच्याकडे न बघता सगळं सांगितलं. हात खांद्यावर कसा पडायचा, मी बोटं दाबून कशी पाहिली, ओट्यावर जाता-येता काय दिसलं, आणि मी का बोललो नाही, ती दोन्ही कारणं. सकाळी सहाचंसुद्धा सांगितलं. म्हटलं, वहिनी, त्या दिवशी तुम्ही चप्पल घेऊन आल्या तेव्हा मी तुम्हाला हसलो नसतो तर...

वहिनी खाली सतरंजीवर बसून गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. बोलल्या त्या मला धीर द्यायला, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"असं नोका म्हणू भाऊजी. मी लय भेली होती तवा. अकोल्याच्या डॉक्टरकडे न्याचं हाये म्हणून माधुरीले फोन लावणार होती, नंबरबी काढून ठेवला होता. मंग तुमच्याकडं आली. तुम्ही एवढे शिकलेले, अन् तुम्ही हसले. मले वाटलं, मास्तर हसून राह्यले, म्हणजे काई नसन. फोन नाई केला मंग." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्या दिवशी मी कितीक दिवसायनं पोटभर जेवली."